लासेनच्या ज्वालामुखी उद्यानात जाताय? या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या मुलांकडे गेलेले गोमंतकीय आई-वडील योसेमिटी आवर्जून पाहतात, पण त्याच राज्याच्या उत्तरेकडील लासेन व्होल्कॅनिक राष्ट्रीय उद्यानाचे नाव काढले की ‘एखादा दिवस उरलाच तर बघू’ असे म्हणतात. उरलेल्या वेळात उरकण्याची ही जागा नव्हे. ढालीसारखा पसरट, थरांवर थर चढून झालेला, राखखड्यांच्या शंकूचा आणि दाट लाव्हाच्या घुमटाचा असे ज्वालामुखींचे चारही मुख्य प्रकार या एकाच उद्यानात आहेत, आणि लासेन शिखर तर जगातल्या सर्वांत मोठ्या घुमटांपैकी एक आहे. २२ मे १९१५ रोजी त्याचा सर्वांत मोठा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९१६ रोजी, हे राष्ट्रीय उद्यान झाले. योसेमिटीच्या मानाने येथे गर्दी फारच थोडी असते. किमान दोन पूर्ण दिवस हाताशी नसतील, तर मी लोकांना जाऊच नका असे सांगतो.

सर्वाधिक नुकसान करणारी चूक म्हणजे मे महिन्यात जाणे. आपल्याकडे मुलांची सुटी मे महिन्यात असते आणि पाऊस लागण्याआधी घरी परतायचे असते, म्हणून सगळे बेत त्याच महिन्यात आखले जातात. उद्यानातून जाणारा सुमारे ४८ किलोमीटरचा रस्ता मात्र जवळजवळ २,६०० मीटर उंचीपर्यंत चढतो, आणि त्यावरचा बर्फ हटवून तो पूर्ण खुला व्हायला बहुधा जून, कधी जुलैही उजाडतो. माझ्या ओळखीचे फोंड्याचे एक शिक्षक दांपत्य मेच्या अखेरीस मुलासोबत दक्षिणेकडून आत शिरले. मुक्काम मात्र उत्तरेच्या बाजूला ठरवलेला होता, कारण मुलाने मोबाइलवरच्या नकाशात फक्त अंतर पाहिले होते. अभ्यागत केंद्राजवळच रस्त्याला आडवे फाटक लागलेले होते. काकूंनी मला दाखवलेल्या छायाचित्रात त्या साडीवर मुलाचे जाकीट घालून त्या फाटकापाशी उभ्या आहेत, आणि मागचा रस्ता बर्फाखाली गेलेला आहे. डोंगराला बाहेरून वळसा घालून ते रात्री मुक्कामाला पोचले आणि सकाळी परतीला लागले. सल्फर वर्क्स या ठिकाणची जमिनीतून येणारी वाफ, बंपास हेलची उकळती कुंडे, लासेन शिखर, यांतले काहीही त्यांना दिसले नाही. उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती रोज कळते. ती पाहायला दोन मिनिटे लागतात, तरी घाईच्या लोकांना तेवढाही धीर नसतो. रस्ता पूर्ण खुला झाल्याचे वाचल्याशिवाय मी कोणालाही मुक्कामाचे पैसे भरू देत नाही. चवथीला घरी हवे असाल, तर जुलैचा उत्तरार्ध धरा.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. बंपास हेल या उकळत्या कुंडांच्या पट्ट्यात लाकडी फळ्यांची वाट घातलेली आहे, आणि चांगल्या छायाचित्रासाठी तिच्यावरून खाली उतरणारे महाभाग आपल्यातही निघतात. जमिनीखालून येणाऱ्या आम्लयुक्त वाफेने तिथल्या खडकाची माती होते. आपल्या खाजनात उन्हाने वरची साल सुकते आणि पाय ठेवताच खाली गाळ लागतो, तसेच हे आहे. फरक एवढाच की येथे खालचे पाणी उकळते असते. ज्याच्या नावाने ही जागा ओळखली जाते, त्या केंडल बंपास यांचा पाय १८६० च्या दशकात अशाच पातळ कवचातून आत गेला, इतका भाजला की अखेर कापावा लागला. ते नवखे नव्हते, तो मुलूख त्यांच्या पायाखालचा होता. येथल्या बिग बॉयलर या वाफेच्या मुखाचे तापमान १६१ अंश सेल्सिअसपर्यंत नोंदले गेले आहे. माझी सवय साधी आहे: लहान मुलाचा हात फळ्यांची वाट संपेपर्यंत सोडायचा नाही, आणि चालताना कॅमेरा पिशवीतच ठेवायचा. छायाचित्र काढायचे तर आधी थांबावे.

शिखराची वाट जाऊन-येऊन ८ किलोमीटरांची आहे, आणि तेवढे तर आम्ही मोलेच्या जंगलातही चालतो, असे म्हणणाऱ्यांनी उंची लक्षात घ्यावी. गोव्यातले सर्वांत उंच शिखर १,२०० मीटरलाही पोचत नाही. येथे चढाईची सुरुवातच २,६०० मीटरच्या आसपास होते आणि शेवट ३,१८७ मीटरवर. समुद्रकाठच्या माणसाने आदल्या रात्री मँझनिटा तळ्याकाठी मुक्काम करावा, पहाटे निघावे आणि दुपारचे ढग जमण्याआधी खाली यावे, कारण उघड्या माथ्यावर विजेपासून आडोसा नाही.

पेट्रोल आणि पाणी बाहेरूनच भरून घ्यावे. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नये, नकाशा कागदावर असावा.

२०२१ च्या डिक्सी वणव्यात उद्यानाचा मोठा भाग जळाला. वारा सुटला असताना जळक्या झाडांखाली बसू नये.

सिंडर कोन हा राखखड्यांचा शंकू पाहायचा असेल, तर मुख्य रस्त्यावर त्याचा फाटा शोधू नका. तो ईशान्य कोपऱ्यात ब्यूट तळ्यापाशी आहे आणि तिथे राज्यमार्ग ४४ वरून फुटणाऱ्या वेगळ्या कच्च्या रस्त्याने जावे लागते. चढ सुट्या खड्यांचा असल्याने पाय घसरत मागे येतो, म्हणून घोटा झाकणारे बूट घाला आणि तेवढ्यासाठी अख्खी सकाळ राखून ठेवा.