वाईन द्राक्षाची नवी लागवड : प्रिओरातकडून काय घ्यावे, काय सोडावे

फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंटरोपे (ज्यांवर पुढे वाईनच्या जातीचे कलम करतात ती रोपे) लावणार असाल, तर मागणी नोंदवण्याआधी शेतात कमरेएवढा खोल खड्डा घ्या. जात नंतर ठरवू.

स्पेनच्या कातालोनियातला प्रिओरात हा कोरडा, डोंगराळ भाग नावाजला तो जमिनीमुळे. तिथे पाटीच्या दगडाचा उतार आहे, स्थानिक लोक त्याला ‘लिकोरेया’ म्हणतात. वर माती थोडकीच, पण दगडाचे थर फाटलेले असल्याने पावसाचे पाणी फटींत मुरते आणि मुळे त्यामागे खोल जातात. आपल्याकडे बेसाल्टचा मुरूम आहे. खड्ड्याच्या भिंतीत नीट बघा. मुरमाच्या फटींतून झाडाझुडपांची मुळे खाली गेलेली दिसली, तर जमीन वाईनच्या द्राक्षाला चांगली. सलग कातळ किंवा चिकण काळी माती लागली, तर खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले असेल, तर निचऱ्याचे चर काढल्याशिवाय लागवड करू नका.

हलक्या जमिनीसाठी ११० आर हा खुंट मला सर्वांत योग्य वाटतो. भूमध्य सागराभोवतीच्या कोरड्या बागांमध्येही तो भरपूर वापरतात. पाण्याचा ताण सोसतो, चुनखडीही बऱ्यापैकी सहन करतो, मात्र पाणथळ जागा त्याला मानवत नाही.

प्रिओरातची मुख्य जात गार्नाचा, म्हणजेच ग्रेनाश. पाणी कमी पडू लागले की ती पानांची रंध्रे लवकर मिटून घेते. शिराझ ही लाल वाईनची दुसरी जात तसे करत नाही. ती पानांतून पाणी उडवत राहते आणि ताण वाढला की पाने गळतात, मणी सुरकुततात. म्हणून हलक्या रानातल्या शिराझला मण्यांत पाणी उतरल्यावर (मणी मऊ पडून रंगू लागल्यावर) ठिबक एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा. ग्रेनाशची अडचण वेगळी : फुलोऱ्यात गळ होते आणि घड विरळ राहतो.

तिथली बिनपाण्याची शेती मात्र इथे आणू नका. तिथे वेल हिवाळ्यात झोपते आणि शरद ते वसंत या काळात पडलेल्या पावसाचा मुरलेला ओलावा उन्हाळ्यात कामी येतो. आपल्या वेलीला तशी झोपच नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (जुन्या काड्या काढून टाकण्याच्या छाटणीनंतर) ऐन उन्हात नव्या काड्या वाढतात, त्यातच पुढच्या हंगामाचे घड ठरतात. तेव्हा पाणी द्यावेच लागते.

तिथली दुसरी जात कारिन्येना उशिरा पिकते आणि भुरीला (पांढरी पूड आणणाऱ्या बुरशीच्या रोगाला) लवकर बळी पडते. आपल्याकडे भुरीचा त्रास मुळातच मोठा, त्यामुळे ती लावण्याची शिफारस मी करणार नाही. ग्रेनाश लावायची असली तरी आधी वाईनरीशी खरेदीचा लेखी करार करा.