नांगर आधी, शीड नंतर

अलिबागला वाढलेल्या माणसाला समुद्राचं काय शिकवायचं, ही माझी घमेंड ग्रीसमध्ये पहिल्याच संध्याकाळी उतरली. एजिना बेटाच्या धक्क्याला बोट मागच्या बाजूने लावायची होती. तीनदा चुकलो आणि समोरच्या हॉटेलातली मंडळी कॉफी ढवळत मजा बघत बसली. त्याला सहा वर्षं झाली. आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको, अजूनही दरवर्षी अथेन्सजवळच्या आलिमोस मरीनातून, म्हणजे छोट्या बोटींच्या बंदरातून, ३४ फुटी शिडाची बोट आठवडाभर भाड्याने घेतो. चालवायचा परवाना लागतोच, शिवाय बोटीवर दुसरं एक जाणतं माणूस लागतं. आमच्याकडे ते माणूस म्हणजे बायको, आणि खरं सांगायचं तर तिचा हात माझ्यापेक्षा बरा आहे.

पहिल्यांदा जाणार असाल तर अथेन्सजवळचं सॅरोनिक आखातच निवडा. सँटोरिनी, मिकोनोसचे फोटो बघून त्यांच्या सिक्लाडीज बेटसमूहाकडे वळू नका, निदान जुलै-ऑगस्टमध्ये तरी. तिथे तेव्हा मेल्टेमी हा उत्तरेचा वारा तीन-तीन, चार-चार दिवस धरून बसतो आणि ३० नॉटच्या वर सहज जातो (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). आपल्याला सवय आधी ढग, मग वारा अशी. हा येतो तो लख्ख निळ्या आभाळातून, त्यामुळे डोळे फसतात. अंदाज सकाळ-संध्याकाळ बघायचा. आम्ही जून किंवा सप्टेंबरच्या मध्याला जातो.

मार्ग साधा आहे: आलिमोस ते एजिना सुमारे १६ सागरी मैल, ५ नॉटने सव्वातीन तास. पुढे पोरोस, मग हायड्रा, परतताना जुनं एपिदाव्रोस हे किनाऱ्यावरचं गाव. तिथून टॅक्सी करून प्राचीन नाट्यगृह बघून यायचं. सकाळी आठला निघायचं आणि दुपारी दोनच्या आत पोचायचं. दुपारनंतर वारा चढतो आणि धक्क्यावरच्या जागा संपतात. शीड लहान करावं का, असा विचार मनात आला की त्याच मिनिटाला करायचं. आम्ही १५-१६ नॉटलाच करतो, मेहुणा कितीही कुरकुरला तरी.

आता बोट लावणं. इथे धक्क्याला बोट आडवी लागत नाही. समोर नांगर, मागून धक्क्याला दोन दोर, अशी शेजारी शेजारी उभी राहते. फेंडर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या हवेच्या उशा, दोन्ही बाजूंना बांधा, मागचे दोन्ही दोर मोकळे करून हाताशी ठेवा. इंजिन चालू असू द्या, नाहीतर नांगराची मोटर बॅटरी खाते. धक्क्यापासून तीन-चार बोटींएवढ्या, म्हणजे ३५-४० मीटर अंतरावर, आपल्या जागेच्या बरोबर समोर नांगर सोडा आणि सावकाश मागे या. नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या माणसाने नांगराची साखळी सैल सुटू द्यायची, मध्येच आवळली की बोट वाकडी होते. मागे घेताना सुरुवातीला बोटीची मागची बाजू एकीकडे ओढ घेते. आमची बहुतेक वेळा डावीकडे जायची. ते आधी मोकळ्या पाण्यात करून बघा. दोन-तीन मीटर उरले की साखळी थांबवा, नांगर धरतोय का ते बघा, आणि वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूचा दोर आधी द्या. दोन्ही दोर लागले की साखळी ताणून घ्या. बोट आणि धक्का यांत मीटरभर तरी अंतर हवं, कारण जलद फेरीबोट गेली की लाट येते आणि बोट मागे आपटते. ओरडायचं नाही, हातवारे आधी ठरवून घ्या. आमच्याकडे मूठ वर म्हणजे थांब. नवरा-बायकोची निम्मी भांडणं त्याने वाचली.

एक सुख मात्र आहे. आमच्याकडे ओहोटीला कुलाबा किल्ल्यावर चालत जातात, इथे भरती-ओहोटी जेमतेम वीतभर. रात्री बांधलेला दोर सकाळी तसाच असतो.

खाडीत नांगरावर राहायचं असेल तर पाण्याचा रंग बघा. फिकट निळं-हिरवं म्हणजे वाळू. काळसर डाग म्हणजे पॉसिडोनिया गवत; त्यात नांगर धरत नाही आणि ते गवतही उपटलं जातं. खोली ५ मीटर असेल तर साखळी २५ तरी सोडा. मग इंजिन उलटं चालवून ओढून बघा आणि गॉगल लावून स्वतः पोहत जाऊन नांगर बघून या. रात्री शांत झोप हवी असेल तर हा कंटाळा करू नका.

हायड्राचं बंदर चिमुकलं. बेटावर गाड्या नाहीत, सामान गाढवांवरून जातं, आणि बोटी एकमेकींच्या पुढे उभ्या. साखळ्या एकमेकींवर पडणारच. गेल्या वर्षी सकाळी नांगर उचलला तर त्यावर शेजाऱ्याची साखळी लटकलेली. घाबरायचं नाही. नांगर पाण्याच्या वर येईपर्यंत उचला, एक दोर त्या परक्या साखळीखालून काढून दोन्ही टोकं आपल्या बोटीला बांधा. मग आपला नांगर थोडा खाली सोडा; साखळीचं वजन दोरावर येतं आणि नांगर सुटतो. नांगर बाजूला झाला की दोराचं एक टोक सोडून द्या. आम्हाला वीस मिनिटं लागली, खिचडीचा कुकर तेवढ्यात पाच शिट्ट्या देऊन करपला.

स्वयंपाकाचं म्हणाल तर दोन शेगड्या पुरतात. काम झालं की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. संडासात कागद टाकू नका. पंप तुंबला तर तो उघडायला तुम्हीच बसणार.

शुक्रवारी संध्याकाळी बोट परत द्यायची असते, डिझेलची टाकी भरून. सगळ्यांचीच शुक्रवारी असते. त्यामुळे तीनच्या आत मरीनात पोचा, नाहीतर डिझेलसाठी रांगेत गोल गोल फिरत बसाल.