ऊस ट्रॉलीचा टायर: निवड आणि हवा

टायर फुटला की दोष उन्हाला दिला जातो. ऊन त्यात भर घालते, पण मूळ कारण बहुतेक वेळा कमी हवा आणि जादा माल हेच असते. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, दबते, उठते आणि आतून तापत जाते. नायलॉनचे थर रबरापासून सुटतात आणि वरून धडधाकट दिसणारा टायर भरल्या ट्रॉलीखाली एकदम जातो.

टायर निवडताना आधी वजन बघा. कारखान्याच्या काट्याची पावती हाताशी असतेच, त्यातून ट्रॅक्टरचे वजन वजा करा. समजा, भरलेली चारचाकी ट्रॉली 8 टनांची आहे. हिशेबाने एका टायरवर 2 टन येतात, पण मोळ्या मागे जास्त रचल्या किंवा रस्ता एका बाजूला उतरता असला तर काही टायरांवर त्याहून जास्त भार पडतो. म्हणून 20 टक्के वाढवून 2,400 किलो पेलणारा टायर धरा. साइडवॉलवर 132 हा आकडा असेल तर क्षमता 2,000 किलो, 139 असेल तर 2,430. त्यापुढचे ए8 म्हणजे कमाल वेग ताशी 40 किलोमीटर. पीआरचा (प्लाय रेटिंग) आकडा मजबुती सांगतो, थर मोजून देत नाही. छापलेले किलो वाचा.

जुनी केसिंग (टायरचा मूळ सांगाडा) घेताना चार अंकी तारीख शोधा: 3521 म्हणजे 2021 चा 35 वा आठवडा. साइडवॉलला भेगा, फुगा किंवा पट्टी असेल तर रिमोल्ड (जुन्या टायरवर नवे रबर चढवलेला) कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. एका धुऱ्यावर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे टायर लावा. नायलॉन (तिरकस थरांचे) आणि रेडियल (आडव्या दोरांचे) मिसळू नका.

हवा गार टायरमध्येच मोजायची, म्हणजे ट्रॉली किमान तीन तास उभी असताना. फडाकडे निघण्यापूर्वीची सकाळ उत्तम. किती भरायची हे त्या टायरच्या कंपनीच्या भार आणि हवेच्या तक्त्यात असते; साइडवॉलवरचा कमाल आकडा ओलांडायचा नाही. हवेच्या दाबाचा आकडा केपीएमध्ये असेल तर 100 केपीए म्हणजे साधारण 14.5 पीएसआय. सकाळी 80 पीएसआय भरलेला टायर 45 अंशांनी तापला की गेजवर 95 च्या आसपास दिसतो. ही वाढ टायर बनवतानाच धरलेली असते. दुपारी घाबरून हवा काढली तर संध्याकाळी गार झालेला टायर कमी हवेवर धावतो आणि तिथूनच बिघाड सुरू होतो.

नवी ट्यूब टाकल्यावर थोडी हवा भरा, पूर्ण सोडा, मग पुन्हा भरा. ट्यूबच्या घड्या सुटतात. फ्लॅप (ट्यूब आणि रिममधली रबरी पट्टी) जुना, चिरलेला असेल तर तोही बदला, रिमच्या कडेने ट्यूब तोच वाचवतो. लॉकिंग रिंगची डिस्क (टायर जागेवर धरणारी वेगळी लोखंडी कडी असलेली) असेल तर हवा भरताना समोर कुणीही उभे राहायचे नाही. रिंग उडाली तर माणूस जागीच जातो. लांब नळी आणि क्लिपचे नोझल वापरा, चाकाभोवती साखळी गुंडाळा, आणि रिंग नीट बसलेली नसेल तर हातोडा न मारता आधी हवा काढा.

कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत थांबावे लागतेच. पोहोचताच प्रत्येक चाकाजवळ तळहात नेऊन बघा. एकच टायर जास्त तापला असेल तर त्यात बहुधा हवा कमी आहे. टायर ठीक पण हब (चाकाचा मधला भाग) तापलेला असेल तर बेअरिंगचे ग्रीस संपले असेल. हबला थेट हात लावू नका. फडातल्या उसाच्या टोकदार बुडख्यांनी साइडवॉल कापली गेली आहे का, तेही इथेच तपासा. कापात दोरे दिसले तर ट्रॉली रिकामी झाल्यावर तो टायर उतरवाच.

हंगाम संपल्यावर सोलापूरचा उन्हाळा ट्रॉलीला उघड्यावर काढायला लावू नका. धुरा ठोकळ्यांवर घेऊन टायरांवरचे वजन काढा आणि त्यांना गोणपाटाने झाका.