पोलिसांना आकड्यांनिशी जाब विचारताय? आधी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली पोरं हल्ली पोलिसांच्या कारभाराची माहिती मागवू लागलीत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच त्याच चुका बघून जीव मेटाकुटीला आलाय.

सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही निवेदन घेऊन एका अधिकाऱ्याकडे गेलो. सोबत एका हुशार मुलानं केलेला आलेख होता. जिल्ह्यात नोंदलेल्या गुन्ह्यांची रेघ २०१४ नंतर धाडकन खाली, आणि त्याखाली ठळक अक्षरांत, 'पोलीस तक्रारी नोंदवून घेत नाहीत.' साहेबांनी रेघेवर पेनाचं टोक ठेवलं आणि विचारलं, "आयुक्तालय वेगळं झालं, ते यात कुठं धरलंय?" आम्ही सगळे गप्प. २०१४ मध्ये बेळगाव शहराला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं. शहरातली आणि काकतीसारखी लगतची ठाणी जिल्हा अधीक्षकांच्या आकड्यांतून बाहेर पडली. गुन्हे नोंदले जातच होते, फक्त तक्त्यात आयुक्तालयाच्या वेगळ्या ओळीत. त्याच निवेदनात मागं दोन बायकांच्या तक्रारी जोडल्या होत्या, ज्या ठाण्यानं खरोखरच घेतल्या नव्हत्या. ती पानं कुणी उलटलीच नाहीत. त्या निवेदनावर माझीही सही होती, न तपासता केलेली. ते अजून सलतं.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सरकारी कागदात 'बेळगाम'चं 'बेळगावी' झालं. एकाच नावानं शोधलंत तर निम्मी वर्षं गळतात. मी दोन्ही नावांनी शोधतो, शहर आणि जिल्ह्याची बेरीज वहीत हातानं करतो, मगच संगणक उघडतो. तयार तक्ता उचलून संध्याकाळी ग्रुपवर टाकायची घाई मला अजिबात पटत नाही.

एका एफआयआरमध्ये खून आणि जबरी चोरी दोन्ही असले, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग मोजताना त्यातला सगळ्यात गंभीर गुन्हाच धरतो, म्हणजे ती जबरी चोरी आकड्यांत दिसतच नाही. आकडे वाढले म्हणजे गुन्हेगारी वाढली असंही नाही. कधी ठाणं तक्रारी नीट घ्यायला लागलेलं असतं.

आता अर्जाचं. माहिती अधिकार कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा आहे. मराठीत कागद मिळावेत ही आपली मागणी रास्तच आहे आणि ती आपण सोडणार नाही. पण ठाण्यातला कागद हातात हवा असेल तर अर्ज कन्नडमध्ये द्या, शेजारच्या कन्नड मास्तरांकडून तपासून घ्या. कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. चार पानी कैफियत लिहू नका. आणि 'का' विचारू नका. 'पोलिसांनी तक्रार का घेतली नाही?' याला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ठाण्यात आलेल्या तक्रार-अर्जांच्या नोंदवहीची प्रत द्या' असं मागा. आपली तक्रार त्या वहीत आहे की नाही, तिथंच कळतं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. दहाव्या दिवशी 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी यात पडूच नये.

हाती लिहिलेल्या प्रतीत कन्नडमधला एकचा आकडा आपल्या डोळ्याला शून्यासारखा दिसतो. कलम आणि तारीख दोघांनी वाचा.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण १८ महिने, निदान वर्षभर ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय. त्यावर विसंबू नका. मारहाण झाली असेल तर त्याच दिवशी, तारीख, वेळ आणि कुठली खोली ते लिहून, चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज नोंदणीसह स्पीड पोस्टानं पाठवा. पोचपावती मी अर्जाच्या प्रतीलाच टाचतो.

एफआयआर जशीच्या तशी कुठंही टाकू नका. फिर्यादीचं नाव, पत्ता, फोन काळ्या शाईनं झाका, त्या झाकलेल्या कागदाची झेरॉक्स काढा आणि तीच पुढं द्या. मूळ कागद उजेडाकडे धरला की शाईखालचं नाव वाचता येतं.