टेस्टोस्टेरॉनची सुई दुखते? आधी या चुका टाळा

पहिले सहा महिने मी टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी हार्मोनची) अँप्यूल, म्हणजे फोडून उघडायची काचेची नळी, फ्रिजमध्ये ठेवत होतो. इंजेक्शन म्हणजे फ्रिज, हा आमच्या घरचा हिशेब. आईचं इन्सुलिन दुधाच्या पातेल्याशेजारी असतंच की! डिसेंबरात, खानापूरच्या थंडीत, ते औषध सिरिंजमध्ये काकवीसारखं चढायचं, आणि बेळगावच्या बसची पायरी चढताना तीन दिवस मांडी बोलायची.

इन्सुलिन पाण्यासारखं असतं, टेस्टोस्टेरॉन तेलात विरघळवलेलं. कुठं शेंगदाण्याचं तेल, कुठं एरंडेल. (शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर खोका वाचाच.) गार तेल घट्ट होतं, दाबायला जोर लागतो, दुखणं वाढतं. ते घरातल्या साध्या तापमानालाच ठेवायचं. आता मी टोचण्याआधी पाच मिनिटं मुठीत धरतो, बास.

दुसरी चूक सुईची. सुईचा आकडा मोठा तेवढी ती बारीक, हे दुकानात उलटंच वाटतं. औषध ओढायला जाड सुई, 18 किंवा 21 नंबर. मग ती काढून टोचायला नवी. बाटलीच्या रबरी बुचातून गेलेली सुई बोथट होते, आणि अँप्यूल फोडताना काचेचा कण आत पडू शकतो.

आता मुख्य प्रश्न: स्नायूत की कातडीखाली? स्नायूत 22-23 नंबरची, इंच-दीड इंच सुई, सरळ उभी. दुखणं दुसऱ्या दिवशी खोलवर जाणवतं. कातडीखाली 25 ते 27 नंबरची, अर्धा इंच, पोटाची चरबी चिमटीत धरून, बेंबीपासून दोन इंच लांब. टोचल्याचं कळत नाही, पण खाज आणि सुपारीएवढी गाठ काही दिवस राहू शकते. म्हणजे दुखणं पूर्ण जात नाही, जागा बदलतं. अमेरिकेत 2018 मध्ये पोटावर दर आठवड्याला घ्यायच्या टेस्टोस्टेरॉन पेनला मान्यता मिळाली, तेव्हा ही काही घरगुती युक्ती नव्हे.

पण डॉक्टरांना न विचारता मार्ग बदलू नका. पोटावर आठवड्याला थोडं थोडं देतात, महिन्याचा डोस एकदम नाही. मी 1 मिलीची अँप्यूल फोडून अर्धी पुढच्या आठवड्याला झाकून ठेवायचा बेत केला होता. सिस्टरांनी हात जोडले. फोडलेली अँप्यूल टिकत नाही, उरलेलं फेकायचं. आणि 4 मिलीचं, तीन-तीन महिने चालणारं अनडेकॅनोएट नावाचं टेस्टोस्टेरॉन फक्त कुल्ल्याच्या स्नायूतच, तेही दवाखान्यात, सावकाश.

सिस्टर कानडी. चिठ्ठी इंग्रजीत, त्या विचारतात "तोडे? होट्टे?" मी आपला मान डोलावतो. तोडे म्हणजे मांडी, होट्टे म्हणजे पोट; इथं राहून एवढं तरी यावं. कोणत्या जागी काय द्यायचं हे चिठ्ठीवर लिहूनच घ्या.

बाकी बारीकसारीक. स्पिरिट वाळू द्या, ओलं असताना चुरचुरतं. मांडीत घेताना बाहेरची बाजू, मधला भाग, आणि पाय सैल; ताठ स्नायूत सुई जास्तच दुखते. डावी-उजवी जागा आळीपाळीनं बदला. घाईनं दाबू नका, नंतर जोरात चोळू नका.

लाली पसरत गेली, गरम लागलं, ताप आला, पू दिसला किंवा पायात मुंग्या राहिल्या तर शेकत बसू नका, दवाखाना गाठा. टोचल्याबरोबर खोकल्याची उबळ आणि धाप लागली, तर तिथंच थांबून लगेच सांगा.