ट्रिप बुक आहे आणि साथ आली: शहर रिकामं व्हायच्या आत आणि झाल्यावर काय करायचं

सगळ्यात आधी एक समज डोक्यातून काढून टाका, की सरकार बंद म्हणतं आणि मग रस्ते ओस पडतात. उलटं असतं. लोक आधी घाबरतात, आपणहून घरी बसतात आणि आदेश मागून येतो. २०२० च्या कोरोना साथीत अमेरिकेत ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी मोबाईलच्या लोकेशन डेटावरून दुकानांतली ये-जा तपासली, तर गिऱ्हाईक ६० टक्क्यांनी घटलेलं आणि त्या ६० मधले जेमतेम ७ सरकारी निर्बंधांमुळे, बाकी सगळी भीतीच. म्हणजे तुम्ही "अजून काही बंद कुठे झालंय" म्हणून थांबलात तर तुम्ही रांगेत सगळ्यात शेवटी आहात.

मग बघायचं काय? तर रिकामं होण्याला एक क्रम असतो, आणि तो ओळखता आला की निम्मं काम झालं. आधी ग्रुप टूर जातात. चीनने २७ जानेवारी २०२० पासून परदेशी ग्रुप टूर थांबवल्या, त्याबरोबर जगभरच्या टुरिस्ट स्पॉटवरच्या बसच्या रांगा गायब झाल्या, तेव्हा बहुतेक देशांत आजाराच्या केसेस हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मग मोठे कार्यक्रम आटोपते घेतात, व्हेनिसचा कार्निव्हल २३ फेब्रुवारीला दोन दिवस आधीच गुंडाळला. त्यानंतरची खूण माझ्या मते सगळ्यात भरवशाची: तिथे काम करणारे लोक. १ मार्चला पॅरिसच्या लूव्र म्युझियमचे कर्मचारी म्हणाले आम्ही कामावर येत नाही, आणि बाहेर तिकीट काढून लोक रांगेत उभे होते! पर्यटकाला वाटतं आपण दोन तासांसाठी आलोय, काय होतंय, पण जो माणूस रोज हजारो लोकांची तिकिटं हातात घेतो त्याला काय ते बरोबर कळतं. लूव्र ४ तारखेला पुन्हा उघडलं, १३ मार्चला परत बंद झालं, त्याच दिवशी आयफेल टॉवरही बंद, आणि १७ मार्चला अख्खा फ्रान्स घरात. पहिल्या खुणेपासून रिकाम्या पॅरिसपर्यंत १६ दिवस. कुठलंही वेळापत्रक हाताशी नसेल तर हा आकडा लक्षात ठेवा, दोन आठवडे असतात तुमच्याकडे, कधी त्याहून कमी.

म्हणून करायचं काय, तर साथीची बातमी आल्या दिवशीच एक तारीख ठरवून कागदावर लिहून ठेवा. अमुक तारखेपर्यंत चित्र सुधारलं नाही तर जायचं नाही, किंवा तिकडेच असू तर परत फिरायचं. तेव्हा डोकं शांत असतं. नंतर रोज बातम्या बघून रोज नवा निर्णय घेत बसलं की माणूस हमखास चुकतो, कारण पैसे अडकलेले असतात आणि मन म्हणतं अजून एक दिवस बघू.

आता गर्दी आणि धोका. रिकामी जागा सुरक्षित आणि भरलेली जागा धोक्याची, असं सरळ गणित नसतं, या बाबतीत लोक फार फसतात. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात मर्सची (कोरोनाच्याच कुळातल्या श्वसनाच्या आजाराची) साथ आली, एकूण १८६ रुग्ण, आणि ते जवळजवळ सगळे हॉस्पिटलमध्ये लागण झालेले, वॉर्डात, इमर्जन्सीत. पण ओस कोण पडलं, तर बाजारपेठा आणि राजवाडे, जून महिन्यात परदेशी पर्यटक ४० टक्क्यांहून जास्त घटले. म्हणजे पळ काढणाऱ्यांपैकी बहुतेकांना खरा धोका जवळपास नव्हताच. आणि याच्या बरोबर उलटं २००३ मध्ये हाँगकाँगला झालं. २१ फेब्रुवारीला चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला एक आजारी डॉक्टर मेट्रोपोल हॉटेलच्या नवव्या मजल्यावर उतरला, तिथल्या पाहुण्यांना सार्सची (हाही त्याच कुळातला आजार) लागण झाली आणि ते पाहुणे टोरांटो, सिंगापूर, हनोईला आपापल्या विमानाने निघून गेले. तेव्हा खाली रस्त्यावर सगळं नेहमीसारखं गजबजलेलं. जागतिक आरोग्य संघटनेने हाँगकाँगला जाऊ नका असं सांगितलं ते २ एप्रिलला. तर रस्त्यावर किती माणसं दिसतात यावरून धोका मोजू नका, आजार पसरतोय कसा ते विचारा: श्वासातून, डासातून, स्पर्शातून की दवाखान्यातून. त्यावरून ठरतं की मास्क लावून खुल्या बागेत फिरायला हरकत नाही की डासांमुळे बागच टाळायची.

क्रूझबद्दल वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. डायमंड प्रिन्सेस फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला अडकली, जहाजावर ३,७११ माणसं आणि त्यातल्या ७१२ जणांना कोरोना. जिथून पायी बाहेर पडता येत नाही ती जागा साथीत सगळ्यात आधी यादीतून काढायची.

यापुढचा मुद्दा नीट वाचा, कारण खरी फजिती इथे होते. शहर रिकामं होतं म्हणजे ती माणसं कुठेतरी जातात, आणि जाताना जिथे जमतात तिथे त्या दिवसातली सगळ्यात वाईट गर्दी असते. वुहानचा आदेश २३ जानेवारीला पहाटे २ च्या सुमाराला आला आणि सकाळी १० पासून शहर बंद, पण महापौरांनीच नंतर सांगितलं की नववर्षाची सुट्टी आणि साथ मिळून सुमारे ५० लाख लोक आधीच बाहेर पडले होते. ७ मार्चला इटलीत लोम्बार्डी, म्हणजे मिलानचा प्रांत, बंद होणार हा मसुदा रात्री फुटला आणि मिलानच्या स्टेशनवर लोक बॅगा घेऊन धावले. ११ मार्चच्या रात्री अमेरिकेने युरोपहून येणाऱ्यांवर बंदी जाहीर केली, मग १४ तारखेला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर तासनतास खांद्याला खांदा लावून रांगा, म्हणजे साथ रोखायच्या नादात साथीला आवडेल अशीच सोय झाली. तेव्हा निघायचं असेल तर घोषणेच्या आधी निघा, आणि घोषणा झालीच असेल तर पहिल्या लाटेत घुसू नका, एक-दोन दिवस खोलीत थांबून मग निघता येतंय का ते बघा.

अपवाद एकच, सीमा बंद होत असेल तर. पेरूने १५ मार्च २०२० ला घोषणा केली आणि १६ ला मध्यरात्री सीमा बंद, हजारो पर्यटक आत अडकले आणि त्यांना न्यायला आपापल्या देशांनी खास विमानं पाठवेपर्यंत दिवसचे दिवस गेले. म्हणून परदेशात असाल तर आपल्या वकिलातीत नाव नोंदवून ठेवा, आजच. त्याला पैसे लागत नाहीत आणि खास विमानाची यादी बहुतेक वेळा तिथूनच बनते. रोजची औषधं ट्रिपच्या दिवसांपेक्षा किमान महिनाभर जास्त घ्या, डॉक्टरची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट ठेवा, कारण ब्रँडची नावं देशागणिक बदलतात.

पैशाचं. इथे माझा स्वतःचा अनुभव कडू आहे, एकदा घाबरून मीच तिकीट कॅन्सल केलं, निम्म्याहून जास्त पैसे कापले गेले, आणि तिसऱ्या दिवशी कंपनीने ती फ्लाईटच रद्द केली, थांबलो असतो तर पूर्ण रिफंड होता. तर नियम साधा आहे: जायचं नाही हे मनात ठरलं तरी कॅन्सलचं बटण दाबायला शेवटच्या मुदतीपर्यंत थांबा. युरोपच्या नियमानुसार तर विमान कंपनीने फ्लाईट रद्द केली की ७ दिवसांत पैसे परत द्यावे लागतात आणि व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची लेखी संमती लागते, म्हणजे फोनवर कोणी "फक्त व्हाउचरच मिळेल" म्हटलं तर लगेच हो म्हणू नका. इन्शुरन्सचं मात्र याच्या उलट, तो थांबून मिळत नाही. साथीला एकदा नाव पडलं की कंपन्या तिला माहीत असलेली घटना धरतात आणि त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत ती बसत नाही. भीती वाटली म्हणून न जाणं तर साध्या पॉलिसीत कधीच बसत नाही. छोटं होमस्टे किंवा एकटा गाईड असेल तर रिफंडसाठी मागे लागण्यापेक्षा तारीख पुढे ढकला, त्याचं पूर्ण सीझनच गेलेलं असतं.

बरं, तरी अडकलातच, आणि समोर रिकामं शहर आहे. पहिल्या दिवशी भारी वाटतं, खोटं कशाला बोला, जिथे फोटोत शंभर डोकी यायची तिथे तुम्ही एकटे. दुसऱ्या दिवसापासून कळतं की गर्दीबरोबर बाकी सगळं पण गेलंय. सार्वजनिक टॉयलेट बंद, बस तासाला एक, एटीएम भरायला कोणी येत नाही, रात्री टॅक्सी नाही. खोलीतून निघताना पाणी, खाणं, रोख आणि चार्ज केलेला फोन घेऊनच निघा आणि अंधाराच्या आत परत या. प्राण्यांपासून लांब राहा, हे हसण्यावारी नेऊ नका. थायलंडच्या लोपबुरीत पर्यटकांनी खायला घालायचं थांबवल्यावर मार्च २०२० मध्ये माकडांच्या टोळ्या भर रस्त्यात एकमेकांवर तुटून पडल्या होत्या, जपानमध्ये नाराची हरणं बाग सोडून गल्ल्यांमध्ये फिरत होती. माणसाच्या हातच्या खाण्याची सवय लागलेला प्राणी उपाशी असताना तुमच्या हातात पिशवी दिसली तर तो पिशवीसाठी येणार, तेव्हा एक बिस्किटही टाकू नका.

आणि फोटो फॉरवर्ड करताना जरा दमाने. व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आले म्हणून जो व्हिडिओ जगभर फिरला तो इटलीच्याच सार्डिनिया बेटाचा होता, आणि ज्या हंसांचं कौतुक झालं ते व्हेनिसजवळच्या बुरानो बेटापाशी एरवीही दिसतात. पाणी नितळ झालं हे खरं, पण ते बोटी थांबल्याने तळाचा गाळ वर येईना म्हणून. रिकामी जागा खरंच साथीमुळे रिकामी आहे की फोटो पहाटे साडेपाचला काढलाय हे बघायचं असेल तर सावल्यांची लांबी बघा, दुकानांची शटर बघा, आणि जमलं तर त्या ठिकाणचा लाईव्ह वेबकॅम उघडा.

साथ ओसरल्यावर पुन्हा फिरायला जाताना पण क्रम असतो, सगळं हळूहळू उघडत जातं. वुहान ७६ दिवसांनी ८ एप्रिलला उघडलं, ताजमहाल सहा महिन्यांनी २१ सप्टेंबरला, तोही दिवसाला ५,००० जणांपुरता. पहिल्या आठवड्यात जायचं असेल तर नुसतं "सुरू झालं" एवढं वाचून निघू नका, किती वाजताचा स्लॉट, कुठला भाग उघडा, लिफ्ट चालू आहे का, सगळं विचारा. आयफेल टॉवर २५ जूनला उघडला तेव्हा लिफ्ट बंद होत्या, दुसऱ्या मजल्यापर्यंत जायचं तर ६७४ पायऱ्या, मास्क लावून.