गावामागची टेकडी, माळ वाचवायला संस्था काढताय? मग आधी हे वाचा

बऱ्याच जणांचे मेसेज येतात, की ताई आमच्या टेकडीवर रात्रीचा जेसीबी लागतोय, गायरानावर चुन्याचे पट्टे मारलेत, आम्ही पाच-सात जण मिळून संस्था काढतोय, कशी चालवायची ते सांगा. प्रत्येकाला फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. माझं काम पुणे-सातारा भागातल्या टेकड्या आणि माळरानांवर आहे त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील, कोकणातल्या सड्यांना (जांभ्या खडकाच्या पठारांना) किंवा विदर्भातल्या जंगलाला काही गोष्टी वेगळ्या लागू होतात पण कागद आणि माणसं हे दोन विषय सगळीकडे सारखेच.

संस्थेचं नाव, लोगो, टीशर्ट सगळं नंतर. आधी जमीन कुणाची आहे ते काढा. आपल्याला खालून एकच डोंगर दिसतो, पण कागदावर त्याचे तुकडे असतात, वरचा भाग वनखात्याचा, उतार महसूलचा, पायथ्याला गायरान आणि मधेच कुणाचा तरी खाजगी सर्व्हे नंबर. प्रत्येक तुकड्याचं ऑफिस वेगळं, कायदा वेगळा. त्यामुळे भू-नकाशा या सरकारी ऑनलाइन नकाशावरून गट नंबर काढा, प्रत्येकाचा सातबारा घ्या, जुने फेरफार म्हणजे मालकी-हक्क बदलल्याच्या नोंदी घ्या, आणि तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) गाव नमुना एक-अ म्हणजे वनजमिनींची नोंदवही आणि एक-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही बघायला मागा. हे दोन नमुने फार कमी लोक मागतात. शिवाय डीएफओ म्हणजे वनखात्याच्या विभागीय अधिकाऱ्याच्या ऑफिसमधून त्या भागाच्या राखीव वनाची मूळ अधिसूचना मिळवा, कितीही जुनी असली तरी.

जुना कागद किती कामाचा असतो ते पुण्यातल्या कोंढवा बुद्रुकच्या केसमध्ये दिसलं. तिथली जमीन १८७९ मध्येच राखीव वन म्हणून जाहीर झालेली, तरी १९९८ मध्ये ११.८९ हेक्टर शेतीसाठी म्हणून खाजगी नावावर दिली गेली आणि पुढे हाउसिंग सोसायटीकडे गेली. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये ते वाटप बेकायदा ठरवलं, आणि त्याच निकालात सगळ्या राज्यांना सांगितलं की महसूल खात्याच्या ताब्यातली कुठली राखीव वनजमीन खाजगी लोकांना दिली गेलीय का हे तपासायला विशेष पथकं नेमा. म्हणजे तुमच्या गावात अधिसूचनेत वन आणि सातबाऱ्यावर दुसरंच काही अशी भानगड सापडली तर आज तुमच्याकडे सांगायला मोठा आधार आहे. नकला काढून लॅमिनेट करा, स्कॅन करा, चार घरांत ठेवा.

आणि मग एका माणसाला कायमचं एकच काम द्या, आठवड्यातून एकदा आपली चावडी या सरकारी साइटवर आपल्या गावाचे फेरफार बघायचे. फेरफाराची नोटीस लागली की हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. हरकत घेतली की ती नोंद वादग्रस्त म्हणून चौकशीला जाते, नाही घेतली की मंजूर होते, आणि एकदा मंजूर झालेली नोंद रद्द करायला प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपिलं करत वर्षं जातात. आमच्या भागात ज्या जमिनी वाचल्या त्यातल्या बऱ्याचशा मोर्चाने नाही, वेळेत दिलेल्या एका पानाच्या हरकतीने वाचल्यात.

आता माणसं. संस्था काढणारे बहुतेक सकाळी फिरायला जाणारे, पक्षी बघणारे, ट्रेकिंगवाले असतात, चांगलंच आहे ते, पण त्या जमिनीवर रोज जाणारी माणसं वेगळीच असतात. गुराखी, मेंढपाळ, सरपण आणणाऱ्या बाया, वनखात्याचा गार्ड. डंपर कुठल्या वाटेने वर आला, कुणाचा होता, हे त्यांना सगळ्यात आधी कळतं. पण त्यांना तुम्ही कधी विचारलंच नसेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे पहिल्याच मीटिंगमध्ये मेंढ्यांमुळे टेकडी उजाड झाली असं कुणी बोलून गेलं असेल, तर ते परत तुमच्याकडे फिरकणार नाहीत आणि बरोबरच आहे त्यांचं. माळावर पिढ्यानपिढ्या चराई चालत आलीय आणि लांडगा, खोकड, तरस तिथे मेंढ्यांच्या सोबतीनेच टिकलेत. त्यामुळे कार्यकारिणीत धनगर समाजातला माणूस आणि गावातली एक तरी बाई सुरुवातीपासून घ्या, नंतर सोयीने घेऊ म्हणालात की राहूनच जातं. आणि मीटिंगची वेळ त्यांच्या सोयीची ठेवा, माण-खटाव-फलटणकडचे बरेच कळप दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, मग डिसेंबरातल्या रविवारी हॉल बुक करून ते आले नाहीत असं म्हणण्यात काय अर्थ आहे?

झाडं लावण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. संस्था स्थापन झाली की पहिला प्रस्ताव येतो तो वृक्षारोपणाचा. फोटो छान येतात, शाळेची मुलं येतात, आमदार येतात, कंपनीवाले पैसे देतात. पण माळ म्हणजे ओसाड जमीन नाही हो. पवन्या, कुसळी, मारवेल ही गवतं, त्यांच्यात जमिनीवर अंडी घालणारे धाविक, चंडोल, माळटिटवी, पुरंदर-बारामती-इंदापूरकडच्या माळावर चिंकारा, हे सगळं उघड्या जागेवर जगणारं आहे, तिथे चर खणून ओळीने रोपं लावली की ते जातं. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी केवढी उंदीरमारी लावली गेली, म्हणजे ग्लिरिसिडिया, ती जाऊन बघा, खाली दुसरं काही फारसं उगवत नाही. तुम्ही अध्यक्ष असाल तर याला नाही म्हणणं हे तुमचं काम आहे आणि ते एकट्याने नाही, सगळ्यांना आधी समजावून मग नाही म्हणा. आधी एक पूर्ण वर्ष त्या जमिनीची नोंद करा. ठरलेल्या पाच-सहा जागांवरून दर महिन्याला फोटो, पक्षी ईबर्डवर, बाकी किडे-फुलं-गवतं आयनॅचरलिस्टवर टाका, निसर्गनोंदी ठेवायच्या या ऑनलाइन साइट आहेत. लांडग्याची गुहा, घुबडाचं घरटं यांचं लोकेशन मात्र उघड करू नका, ग्रुपवर तर अजिबात नको. वर्षाच्या शेवटी जी यादी होईल ती घेऊन ग्रामपंचायतीत जा आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची अधिकृत वही, दाखवा म्हणा. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि ही नोंदवही असायला पाहिजे, आणि असते पण, फक्त बऱ्याच ठिकाणी ती २०२० च्या आसपास एनजीटीने म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दंडाची तारीख दिली तेव्हा घाईत उरकलेली आहे. तुमच्या नोंदी त्यात घालायला लावा, समितीत तुमची दोन माणसं जाऊ द्या. हे चिकाटीचं काम आहे पण उद्या हीच वही सुनावणीत पुरावा म्हणून उपयोगी पडते. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या तळ्यात माशाची नवी जात सापडली, तिची शास्त्रीय नोंद झाली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. अशी नोंद आधी असावी लागते, मग जाहीर होतं.

रजिस्ट्रेशनचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात सोसायटी करायची तर किमान सात जण लागतात, १८६० च्या कायद्याखाली नोंदणी आणि सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, दोन्ही धर्मादाय आयुक्तांच्याच ऑफिसात होतं. एकाच घरातले तिघं घालू नका. उद्देशांमध्ये नुसतं पर्यावरण संवर्धन असं मोघम न लिहिता सार्वजनिक जमिनींचं संरक्षण, माहिती मिळवणं, कायदेशीर कारवाई करणं हे स्पष्ट लिहा, कोर्टात गेल्यावर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो की तुमचा काय संबंध. बँकेत दोघांच्या सह्या, दरवर्षी ऑडिट, हिशोब गावातल्या बोर्डावर लावायचा.

पैसे कुणाचे घ्यायचे हे पैसे यायच्या आधी ठरवा आणि इतिवृत्तात लिहून ठेवा. खडी क्रशरवाला, प्लॉटिंगवाला, रिसॉर्टवाला गणपतीच्या वर्गणीसारखा सहज पाच-दहा हजार देतो, आणि सहा महिन्यांनी त्याचाच डंपर टेकडीवर दिसला की तुमची जीभ अडखळते. आमचा अनुभव असा की दरमहा शंभर-दोनशे देणारी गावातलीच माणसं सगळ्यात भरवशाची. सीएसआर म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा पैसा हवाच असेल तर आयकर खात्याकडची १२ए, ८०जी या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी आणि सीएसआर-१ फॉर्म लागतो, पण बहुतेक कंपन्यांना झाडांचा आकडा हवा असतो, वर लिहिलंय तेच. परदेशातले नातेवाईक पैसे पाठवतो म्हणतात तेव्हा पासपोर्ट विचारा, भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआयचे स्वतःच्या कमाईतले पैसे चालतात, पण भाचा अमेरिकेचा सिटिझन झाला असेल तर ते परकीय दान होतं, एफसीआरए म्हणजे परकीय देणगी घ्यायची सरकारी नोंदणी नसेल तर एक रुपयापण घेऊ नका.

माहिती अधिकाराचं सगळ्यांना माहितीय असं वाटतं पण अर्ज बघितले की कळतं नाहीये. राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. का केलं, कुणी परवानगी दिली असले प्रश्न विचारू नका, कागद मागा. अमुक गटातल्या मुरूम उत्खनन परवान्याची प्रत, पंचनाम्याची प्रत, मोजणीच्या नकाशाची प्रत. आणि त्याआधी एकदा सोमवारी दुपारी तीन ते पाच जाऊन फाइलच बघून या, २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरावरच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऑफिसात ती सोय आहे, फाइल बघितली की नेमकं काय मागायचं ते कळतं.

इथे सुरक्षिततेचं बोललंच पाहिजे. तळेगावचे सतीश शेट्टी जमिनींचे घोटाळे माहिती अधिकारातून बाहेर काढत होते, १३ जानेवारी २०१० ला त्यांची हत्या झाली. त्यामुळे सगळे अर्ज एकाच्या नावाने कधीच जाऊ देऊ नका, वाटून घ्या, संस्थेच्या लेटरहेडवर पत्रं जाऊ द्यात. रात्री गाडी अडवायला कुणी पोराने एकट्याने जायचं नाही, लांबून व्हिडिओ, वेळ, गाडीचा नंबर, ११२ ला फोन, तहसीलदारांना मेसेज, बास. उत्साही तरुण मुलं ऐकत नाहीत, तरी त्यांना प्रत्येक वेळी बजावून सांगा, कुठलीही टेकडी कुणाच्या पोरापेक्षा मोठी नाही.

वनखात्याशी भांडण आणि दोस्ती दोन्ही चालू ठेवावी लागते. एका गार्डकडे केवढी मोठी बीट (गस्तीचा भाग) असते, त्याला दर आठवड्याला तुमची दोन माणसं सोबत मिळाली तर त्याचाही धीर वाढतो. वणव्याचा सीझन फेब्रुवारी ते जून, म्हणजे जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून केलेले मोकळे पट्टे) त्याआधीच काढून झाल्या पाहिजेत, आरएफओंना (वनक्षेत्रपालांना) डिसेंबरातच लेखी विचारा कुठे काढताय आणि आम्ही कुठे हात लावू, त्यांच्या परवानगीशिवाय वनजमिनीवर काही जाळू किंवा कापू नका. गवत चांगलं येतं म्हणून माळ पेटवून देणारे असतात, त्यांना गुन्हेगार म्हणून नाही तर शेजारी म्हणून भेटा, बोलून फरक पडतो.

कोर्टाचा विषय निघाला की सगळे एनजीटी म्हणतात, पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, भरपाई मागत नसाल तर फी हजार रुपये, पण मुदत फार कडक, वाद पहिल्यांदा उभा राहिला तेव्हापासून सहा महिने, आणि पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं तर अपिलाला तीसच दिवस. सरकारकडून उत्तराची वाट बघत बसलात की मुदत संपते. शिवाय नुसतं गायरानावरचं अतिक्रमण हा महसूल कायद्याचा विषय आहे, तो तहसीलदार-कलेक्टरकडेच आधी न्यायचा आणि मग हायकोर्ट. तिथे २०११ चा जगपाल सिंग निकाल जोडा, गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा असं त्यात सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलंय. फक्त एक विनंती आहे, गायरानावर वर्षानुवर्षं राहणारी भूमिहीनांची पालं आणि नव्याने कंपाउंड घालणारा फार्महाउसवाला यांना एकाच अर्जात एकत्र करू नका. पहिल्यांच्या पुनर्वसनाची मागणी तुम्हीच करा.

खरी ताकद ग्रामसभेत आहे. वर्षातून किमान चार होतात, विषयपत्रिकेवर आपला विषय आधी लेखी द्या, ठराव झाला की प्रत घेतल्याशिवाय उठू नका. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, तो काही एका वर्षात मिळाला नाही, त्यामागे अभ्यासगट आणि सहमतीने निर्णय घ्यायची कित्येक वर्षांची सवय होती. तुमच्या गावाला वनहक्क कायद्याचा दावा करता येत असेल तर संस्थेने पुढे पुढे न करता ग्रामसभेला मदत करावी, नकाशे काढून द्यावेत, पुरावे गोळा करून द्यावेत. हक्क गावाचा होईल, संस्थेचा नाही.

आणि नेतृत्वाचं. सगळे फोन तुम्हालाच येत असतील, पेपरात तुमचाच फोटो असेल, तर तुम्ही आजारी पडलात किंवा बदली होऊन गेलात की काम थांबतं, आणि समोरचे त्याचीच वाट बघत असतात. म्हणून प्रत्येक गट नंबराला, प्रत्येक ओढ्याला एका माणसाचं नाव जोडा, सुनावणीला दरवेळी नवीन एकाला सोबत न्या, तीन-चार वर्षांनी अध्यक्ष बदला, आणि बदलल्यावर नव्वद दिवसांत धर्मादायकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची माहिती, दाखल करा. कित्येक चांगल्या संस्थांचे चेंज रिपोर्ट पडून आहेत आणि मग कोर्टात पहिल्याच तारखेला समोरून प्रश्न येतो की सही करणाऱ्याला अधिकार कुणी दिला, त्यामुळे निवडणूक झाली की त्याच आठवड्यात इतिवृत्त, राजीनामे, संमतीपत्रं एका फाइलला लावून वकिलाकडे द्या.